जमीन भावाला, हाडं बहिणीला

मुलगी बघायला गेलं की लोक शिक्षण विचारतात, पत्रिका मागतात, उंची डोळ्यांनी मोजतात. आमची पमाआत्या मुलीच्या आजीला विचारायची, "आजी, तुम्ही पहिल्यापासून एवढ्याच होत्या का, का मागून आटल्या?"

जुन्या जालन्यातल्या एका घरात तिने हे विचारलं तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते आणि माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता. तो तसाच राहिला. स्थळ माझ्या चुलतभावासाठी होतं. मुलीची आजी भिंतीला हात लावत बाहेर आली होती, पाठीला चांगलं पोक होतं. मुलीचे वडील पंख्याकडे बघायला लागले. आईने चिवड्याची बशी उगाचच पुढे सरकवली. आजीला मात्र प्रश्न भारीच आवडला. बहुधा पुष्कळ वर्षांत तिला कुणी काही विचारलंच नसावं.

"न्हाई गं बाई, चांगली उंच होते मी. मालकापेक्षा बोटभर जास्तीच. फोटो काढताना मलाच खाली बसवायचे."

"मंग?"

"मंग काय, पाळी गेली, आणि जमीन जवळ येत गेली."

आत्याने समाधानाने मान डोलावली आणि चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मुलीकडे वळून म्हणाली, "ऐकलं का? लग्न आमच्या पोराशी कर, न्हाई तर करू नको. पण आजीची पाठ ध्यानात ठेव. चालत जा, दूध पीत जा, आणि पाळी गेली की हाडं तपासून घे."

परतताना रिक्षात माझे वडील तिच्यावर उखडले. ते आत्याचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना बापू म्हणतो. "पमे, तू स्थळ मोडायला आल्ती का?"

"स्थळ कुठं मोडलं? मी मोडणारी हाडं शोधून राह्यले," आत्या शांतपणे म्हणाली आणि पर्समधून बडीशेप काढून सगळ्यांना वाटली.

लग्न झालं. ती मुलगी आज माझी वहिनी आहे. सासूला ती कधीच घाबरली नाही, पण आत्या येणार म्हटलं की पायात बूट घालून फिरायला निघायची.

पमाआत्या अंबडच्या कोर्टात कारकून होती. सगळी नोकरी तिथेच झाली आणि निवृत्तीनंतरही ती अंबडलाच, बसस्टँडच्या मागच्या दोन खोल्यांत राहिली. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, "रोज घटस्फोटाच्या फायली हातातून जात होत्या. हलवाई कुठं आपलीच मिठाई खातो?" कोर्टाची भाषा तिच्या जिभेला अशी चिकटली होती की घरातही सुटत नसे. दूधवाला आला नाही तर तो गैरहजर. शेजारच्यांचं मांजर दूध पिऊन गेलं तर ते फरार. मी लहानपणी काही तोडलं-फोडलं की ती मला समोर उभी करून विचारायची, "गुन्हा कबूल?" मी "कबूल" म्हटलं की शिक्षा माफ आणि वर लिमलेटची गोळी.

आता हाडांकडे येते, कारण हाडांशिवाय आत्या सांगता येणार नाही.

आमच्या घराण्यातल्या बायका वाकतात. म्हणजे आजीच्या रक्तातल्या. माझी आजी, म्हणजे बापूंची आणि आत्याची आई, उतारवयात इतकी वाकली होती की आलेल्या माणसाला ती चपलांवरून ओळखायची. तिच्या बहिणीची बरगडी शिंकताना मोडली. आत्याच्या थोरल्या बहिणीचा खुबा नातवाला उचलताना तोल जाऊन गेला, आणि ती मग अंथरुणातून उठलीच नाही. ह्या सगळ्याचं घरात एक ठरलेलं उत्तर होतं. आजीच्या माहेरच्या कुणा पणजीने म्हणे देवीपुढे वाकायला नकार दिला होता, तेव्हापासून देवी त्या वंशातल्या एकेकीला धरून वाकवते. आत्याला हे बिलकुल पटत नसे. "देवीला एवढा वेळ असता तर आधी तालुक्यातले रस्ते नीट केले असते," असं ती देवळाच्या पायऱ्या चढता चढताच म्हणायची, आणि वर गेल्यावर तितक्याच भक्तीने नारळ फोडायची.

घरातल्या पुरुषांचं मत आणखी वेगळं. आमच्या बायका मर्यादेत राहतात, वर मान करून चालत नाहीत, असं एक काका पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे. आत्या एकदा चहा देता देता थांबली आणि म्हणाली, "मर्यादा न्हाई ती, मणका आहे."

तिचा स्वतःचा मणका अंबड-जालना रस्त्यावर गेला. पन्नाशी उलटून थोडीच वर्षं झाली होती. एसटीत मागची सीट मिळाली होती. ड्रायव्हरला गतिरोधक दिसला नाही, का दिसूनही आवडला नाही, कोण जाणे. बस उडाली, आत्या उडाली, आणि खाली आली तेव्हा पाठीत काहीतरी कटकन झालं. बाकीचे लोक ड्रायव्हरला शिव्या देऊन मोकळे झाले. आत्याच्या तोंडून आवाजच निघेना. जालन्याला उतरून ती ठरलेलं काम करून संध्याकाळी परत गेली, आणि कित्येक आठवडे पाठीला बाम चोळत कोर्टात जात राहिली. शेवटी खुर्चीतून उठता येईना तेव्हा एक्स-रे काढला. मणका चेपला होता. नुसता बसमध्ये आदळून.

मी तेव्हा नुकतीच बँकेत लागले होते. रजा काढून तिला औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई फार कमी बोलायच्या आणि फार नीट ऐकायच्या. आत्यासारख्या बाईला असं माणूस क्वचितच भेटतं. त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाची हाडं मोडली आहेत?" आत्याने आजीपासून सुरुवात केली. सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणि वडिलांकडच्या लोकांची?"

"त्यांचं कशाला? हे बायकांचं दुखणं आहे ना?"

तेव्हा त्यांनी कागदावर दोन रेघा काढून समजावलं. तरुणपणी हाड किती भरतं हे बऱ्याच अंशी आईबापाकडून ठरून येतं. एकच एक गुण नसतो, पुष्कळ जनुकं थोडीथोडी भर घालतात आणि ती दोन्हीकडून येतात. पाळी असेपर्यंत शरीरातला स्त्री-हार्मोन हाडांची राखण करतो. पाळी गेली की राखणदार जातो आणि हाड झपाट्याने झिजायला लागतं. मुळात जिचं भरलेलं असतं तिचं निभावतं. जिला कमीच मिळालेलं असतं, तिचं मोडतं. "पण सगळंच काही जन्माने ठरत नाही," त्या म्हणाल्या. "खाणं, चालणं, ऊन, औषध, हे आपल्या हातात असतं."

येताना बदनापूरपर्यंत आत्या तो रेघांचा कागद उलटसुलट करून बघत राहिली. मला वाटलं, खचली. मग एकदम म्हणाली, "सुनी, म्हणजे हा वारसाहक्क आहे."

"हो, तसंच काहीतरी."

"आणि हक्कसोडपत्र करता येत न्हाई."

त्याच रविवारी ती आमच्या घरी आली. पाठीला पट्टा बांधलेला, त्यामुळे नेहमीपेक्षा ताठ दिसत होती. बापू पेपर वाचत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "भाऊ, आई गेली तेव्हा जमीन तुम्ही घेतली. मी हसत सही केली. हाडं कुणी घेतली, ठाव आहे का?"

बापूंनी पेपर खाली घेतला. "सकाळी सकाळी काय लावलं हे?"

"जमीन भावाला, हाडं बहिणीला. वाटणी अशी झाली. आणि तुम्हाला वाटून राह्यलं असंल की तुमचा संबंध न्हाई, तर तसं न्हाई. आईच्या हाडांचं पाकीट तुमच्याजवळ पण आहे. तुम्ही ते उघडलं नसंल, पण पोरीच्या हातात देऊन बसले." तिने माझ्याकडे बोट केलं. मी स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी होते. एखाद्या आरोपीची ओळख पटवावी तसं मला वाटलं.

बापू भयंकर चिडले. पुरुषाच्या हाडाचा बायकांच्या पाळीशी काय संबंध, असं ते ओरडून म्हणाले. आमच्या घरात पाळी हा शब्द पुरुषाच्या तोंडून निघण्याची ती पहिलीच वेळ होती. आई आत जाऊन पोटभर हसली. ती दुसऱ्या घरातून आलेली, दणकट हाडांची. ह्या खटल्यात ती निव्वळ प्रेक्षक होती.

आत्याने नंतर जे केलं ते तिच्या पद्धतीने केलं. आठवड्याची एक गोळी होती, ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आत्या तो सगळा वेळ भिंतीशी उभी राहायची. "जज्जसाहेब आल्यावर उभं राहायची सवय आहे मला, कारकुनाला पाठ टेकायची परवानगी कधी होती?" नातेवाइकांनी नाना उपाय पाठवले. कुणी नाचणीचे लाडू, कुणी तेलं, एका मावशीने पानातून चुना खायला सांगितला. लाडू तिने खाल्ले. चुन्याबद्दल म्हणाली, "चुन्यानं हाडं घट्ट झाली असती, तर अंबडचे सगळे पानवाले पैलवान झाले असते."

मग ती व्यायामशाळेत गेली. पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं जिथे वजनं उचलतात तिथे आत्या साडीच नेसून, नऊवारी नाही एवढंच, खाली पांढरे बूट घालून उभी. चालकाने नम्रपणे सांगितलं, "आजी, इथं योगा न्हाई."

"आजी कोण? माझं लग्न पण झालं न्हाई अजून."

तिने डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेले व्यायाम पुढे केले. कंबरेतून वाकायचं नाही, झटका द्यायचा नाही, हलक्या वजनापासून सुरुवात. चालकाला नाही म्हणता येईना. काही महिन्यांनी मी गेले तर आत्या लहानशी वजनं धरून खुर्चीतून उठबस करत होती आणि भरतीची पोरं आपला घाम पुसत तिला "मॅडम" म्हणत होती. ती त्यांना अर्ज भरताना चुका कुठे होतात ते सांगायची.

माझी पाळी चव्वेचाळिसाव्या वर्षीच अडखळायला लागली. मी कुणाला बोलले नव्हते. आत्याला वास लागला. जालन्यात एका लग्नात, मंगल कार्यालयात, बँडवाले नेमके दम खायला थांबले त्या क्षणी तिने तीन रांगा पलीकडून मला विचारलं, "सुनी, तुझी येती का अजून, का बंद झाली?"

माझे मॅनेजर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी अत्यंत काळजीपूर्वक जिलबीचं निरीक्षण सुरू केलं. मी उठून आत्याला दंडाला धरून बाहेर नेलं. "आत्या, लाज वाटते की नाही? चारचौघांत काय विचारतेस?"

"चारचौघांत बस आदळली तव्हा माझा मणका गेला. त्याला लाज वाटली का?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "बाई, मला कुणी विचारलं नव्हतं गं. एका जणानं जरी वेळेवर विचारलं असतं..." वाक्य तिने पुरं केलं नाही. तिला वाक्य अर्धं सोडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात तिने मला तपासणीला नेलं. मशीनखाली झोपायचं, काही दुखत नाही, थोड्या वेळात सगळं होतं. हाडांची घनता कमी निघाली. रोग म्हणावा इतकी नाही, पण त्याच वाटेवर. बाहेरच्या बाकावर बसून मी रडायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर आजी होती, जमिनीकडे बघत चपला ओळखणारी. बँकेतली माझी खुर्ची, स्कूटर, डोंगर चढायची हौस, सगळं मला वाकलेलं दिसायला लागलं.

आत्याने रडू दिलं. मग पदराने माझं नाक पुसलं, जसं काही मी पाच वर्षांची होते. "हा निकाल न्हाई, सुनी. ही नोटीस आहे. आईला थेट शिक्षा झाली, मला अटक झाली, तुला नोटीस आली. दर पिढीत आपली केस सुधरून राह्यली. नोटीस आल्यावर माणूस वकील गाठतो, बाकावर बसून रडत न्हाई. चल, मला भूक लागली."

आम्ही बाहेर गाड्यावर इडली खाल्ली. तिने माझ्या वाट्याची चटणीही संपवली.

बापूंचं पाकीट फार उशिरा उघडलं. पंचाहत्तरी उलटल्यावर एके दिवशी ते घरातल्या शेवटच्या पायरीवरून घसरले. ती पायरी वीतभरही उंच नव्हती. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, आणि बापू छताकडे बघत पडून राहिले. उठायला तयार होईनात. बहीण अशीच पडली आणि उठली नव्हती, ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आत्या अंबडहून पिशवी घेऊन आली. मला वाटलं, आता ही सगळा जुना हिशेब काढणार. मी दारातच तिला डोळ्यांनी खुणावलं. तिने माझ्याकडे दुर्लक्ष केलं, पलंगाशी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "या भाऊ. आमच्या बायांच्या खात्यात तुमचं स्वागत आहे."

बापू हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पमे, तुला बसमध्ये असंच दुखलं होतं का?"

"ह्याच्यापेक्षा जास्ती. पण मला कुणी विचारलं न्हाई, म्हणून मी पण सांगितलं न्हाई."

बापूंनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचे खांदे हलत होते. आत्याने त्यांच्या पायावरची चादर नीट केली, खरं तर ती नीटच होती.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून कोर्टातल्या शिपायासारखा पुकारा करायची. बापूंचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि शेवटी "हाजिर हो!" पहिले काही दिवस बापू शिव्या द्यायचे. मग शिव्या देत उठायला लागले. मग नुसतेच उठायला लागले. वॉकर धरून बापू पुढे आणि त्यांच्यामागे आत्या, असे ते अंगणात फेऱ्या मारायचे. एव्हाना आत्याचे आणखी मणके चेपले होते. गोळ्या, दूध, वजनं, सगळं करूनही ती वाकलीच. आईइतकी नाही, पण वाकली. ती हे लपवत नसे. "मी अपील हरले, पण फाशीची जन्मठेप करून आणली," म्हणायची. दोन वाकलेली भावंडं, एक वॉकरवर, एक साडीखाली बूट घालून, पेरूच्या झाडाला वळसा घालताना जमिनीवरून भांडायची. म्हणजे शेतजमिनीवरून. ते भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही, आणि मिटावं असं दोघांनाही वाटत नसावं.

बापू काठीवर आले तेव्हाच आत्या अंबडला परत गेली.

ती गेली तीही घराण्याची रीत मोडून. ना खुबा मोडला, ना अंथरूण धरलं. दुपारी जेवली, खुर्चीत बसली, आणि हृदय थांबलं. शेजारच्या बाई ताक मागायला आल्या तेव्हा कळलं. सांत्वनाला आलेल्या काही नातेवाइकांची जरा निराशाच झाली. ते हाडांच्या गोष्टी ऐकायच्या तयारीने आले होते. व्यायामशाळेची पोरं खांदा द्यायला आली. त्यातला एकजण पोलिसात लागला होता, गणवेशातच आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करायला आम्ही स्मशानात गेलो. बायकांनी जायचं नसतं, असं कुणीतरी म्हणालं. बापू म्हणाले, "सुनी येईल. तिचाच हक्क आहे." दुपारी शहागडला गोदावरीवर जायचं होतं. राख गार झाली होती. मी खाली बसले. बसताना गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, तिने शिकवल्याप्रमाणे. बापू काठीवर रेलून माझ्यामागे उभे होते, मडकं त्यांच्या हातात. राखेतून हात फिरवला आणि पहिलं हाड हाताला लागलं. पांढरं, छोटं, इतकं हलकं की काही उचललंय असं वाटेना.

"हळू धर गं," बापू म्हणाले. "मोडंल तिचं."